अर्धा लाडू

आमच्या घरात जेवणाला नावं ठेवायला बंदी नव्हती. उलट कुणीच काही बोललं नाही तर आईला करमायचं नाही. भाजी बरी झाली म्हणून लोक गप्प बसलेत की बिघडली म्हणून, हे तिला कळत नसे. फक्त त्याचे दोन नियम होते. एक, ताट पुसून खायचं आणि मगच तोंड उघडायचं. दुसरा, जे बोलायचं ते चुलीपाशी जाऊन, जिनं रांधलं तिच्यासमोर बोलायचं. ओसरीवर नाही, शेजारणीपाशी नाही, पाहुण्यांपुढे तर मुळीच नाही. बाबा रिसोडला एका सरकारी कचेरीत शिपाई होते. दिवसभर साहेबांपुढे ‘हो जी’ करून संध्याकाळच्या एसटीनं आमच्या गावी, रिठदला उतरायचे, हातपाय धुऊन जेवायला बसायचे, आणि ताट लख्ख झालं की ते हातात घेऊन चुलीपाशी उकिडवे बसायचे. “आज अंबाडीच्या भाजीत कण्या कमी पडल्या काय वं?” आई निखारे मागे ओढत म्हणायची, “कमी नाई पडल्या. नव्हत्याच घरात.” “मंग बरोबर हाय,” म्हणून बाबा उठायचे. मला वाटायचं, एवढंच बोलायचं होतं तर उठून चुलीपर्यंत जायची गरज काय?

मला बोलायची घाई फार. एकदा दुसऱ्याच घासाला मी ‘बेसन खारट झालं’ असं जाहीर केलं. आईनं कढई माझ्यापुढे आणून ठेवली. “पूरं खाय. मंग सांग, किती खारट झालं थे.” शेवटच्या घासापर्यंत मला ते बेसन आवडायला लागलं होतं, म्हणून मी गप्प बसले. आईला वाटलं, पोरगी शहाणी झाली. आईचे माझ्याबद्दलचे बरेचसे गैरसमज असेच माझ्या तोंडात घास असताना झालेले आहेत.

तर ही घाई घेऊन मी दहावीत गेले, आणि त्याच वर्षी माझ्या हातात फळा आला. विहाराच्या ओट्याला लागून भिंतीवर एक काळा फळा होता. त्याच्यावर रोज एक सुविचार, कुणाकडे बैठक आहे, नळ किती वाजता येणार, असलं लिहायचं काम असायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून ते माझ्याकडे आलं. एकदा सगळं लिहून झाल्यावर खाली चार बोटं जागा उरली. ती रिकामी सोडवेना. मी लिहिलं, ‘स्टँडवरच्या टपरीचा चहा: पाणी जरा कमी केले तरी चालेल. पाणी आम्ही घरी पितो.’ संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावात झालं होतं. टपरीवाला स्वतः वाचायला आला, पोट धरून हसला आणि मला एक कप फुकट पाजला. चहात मात्र काही फरक पडला नाही. मग मी शिंप्यावर लिहिलं, की माझ्या नव्या फ्रॉकच्या दोन बाह्या दोन वेगळ्या पोरींच्या मापाच्या आहेत. तो दोन दिवस घुश्शात होता. पण लोक हसत होते, आणि मी आता रात्री जेवायला बसतानाही बोटांचा खडू धूत नव्हते. कुणी विचारलं तर दाखवता यावा म्हणून. “हात धू, माय,” आई म्हणायची, “चुन्याचं कालवन कोनी खात नाई.”

आज माझी लेक पलंगावर लोळत फोनवर अंगठा फिरवते आणि ज्या बाईचं तोंडही पाहिलं नाही तिच्या लोणच्याला एक तारा देऊन कूस बदलते, तेव्हा मी तिला रागवायला तोंड उघडते, आणि मिटते. मला कुठं फोन लागला होता? मला तर चार बोटं जागा आणि खडूचा एक तुकडा पुरला.

दसरा झाला की आमच्याकडे सोयाबीन निघतं. दिवसभर थ्रेशरची घरघर, हवेत तो पिवळा भुसा, आणि मानेपासून कोपरापर्यंत खाज. घरोघर ओसरीत पोती लागलेली असायची. त्यांच्यावर बसून आम्ही अभ्यास करायचो, त्यांच्यावर मांजरी व्यायच्या, पण त्यातला एक दाणा कुणाच्या तोंडात जात नव्हता. सोयाबीन खातात हे आम्हाला ऐकून ठाऊक होतं, जसं समुद्र असतो हे ठाऊक होतं. पोती भरायची, बाजारात न्यायची, संपलं.

अशात दोन घरं सोडून राहणाऱ्या गोदाकाकूनं सोयाबीनचे लाडू करायचं काढलं. गोदाकाकू म्हणजे उंच, हाडापेरानं मोठी बाई. तिची हाक नदीपलीकडे जायची. ती आणि किसनकाका दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परत यायचे. त्यांची मीना माझ्या बाकावर बसायची. आदल्या वर्षी तिला मंगरूळपीरला मावशीकडे ठेवलं होतं. तिथं तिची निम्मी शाळा बुडाली आणि नववीत ती काठावर निघाली. आता दहावी होती. वाशिमला बायकांसाठी चार दिवसांचं शिबिर झालं, त्यात काकू सोयाबीनचे पदार्थ शिकून आली आणि आमच्या चुलीपाशी बसून आईला म्हणाली, “वैनी, यंदा मी कोयत्यावर जात नाई. पोरीपाशी राह्यतो. मुकादम दिवाळीच्या आंगंमांगं इचाराले येईन, त्याले नाई म्हनून सांगायचं हाय. फक्त हे लाडू चालले पाह्यजेत.”

“अन् नाई चालले तं?”

“मंग काय, हाये कोयता. थो कुठी जाते?”

हे मी ऐकलं होतं. कान माझे तेव्हाही चांगले होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते अजाणतेपणी झालं असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

आठवड्याभरानं ती लाडू घेऊन आली तेव्हा आई सोंगणीला गेली होती. घरात मी एकटीच. काकूनं स्टीलच्या डब्यातून एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. चांगला मोठा, लिंबाएवढा, वर खोबऱ्याचा कीस चिकटवलेला. “आजच दुकानात बरनी ठेवली. तू थ्या फळ्यावर लिहितं ना? खाऊन पाय, अन् लिह माह्यावर.”

“काय लिहू?”

“जे असंन थे लिह. मले कायले इचारतं?”

आणि ती गेली. तिला गडबड होती, आणखी चार घरी डबा फिरवायचा होता. मी लाडू फोडला. रंग सुरेख होता. तोंडात टाकला आणि जिभेनं थांबायला सांगितलं. वास होता. कसला, ते तेव्हा सांगता आलं नसतं. नकोसा, एवढंच कळलं. अर्धा कसाबसा गिळला, उरलेला अर्धा कोनाड्यात पावडरच्या डब्यामागे सरकवला, आणि तोंडात पाणी धरून फळ्याकडे पळाले. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत नव्हतं. मला आनंद झाला होता. चहा आणि बाह्यांनंतर आता काय लिहावं याच्या विवंचनेत मी चार दिवस होते, आणि विषय स्वतः डब्यात बसून घरी आला होता. मी लिहिलं:

‘सोयाबीनचा लाडू: खाणाऱ्याने येताना नाक घरी ठेवून यावे. उरलेले लाडू ढेपेऐवजी म्हशीला घालावेत. आधी म्हशीची परवानगी घ्यावी.’

लिहून दोन पावलं मागे सरकून वाचलं. फार छान वाटलं.

त्या संध्याकाळी गाव हसलं, आणि दुसऱ्या दिवशीही हसतच राहिलं. शाळेत मीना वर्गात शिरली तेव्हा मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हशीसारखं हंबरलं. मीना माझ्या शेजारी येऊन बसली आणि आमच्या दोघींच्या मधे दप्तर उभं करून ठेवलं. दुपारी दुकानदारानं बरणी परत पाठवली. त्याच्याकडून दोनच लाडू गेले होते, आणि तेही एका बाहेरगावच्या माणसानं घेतले होते, ज्यानं फळा वाचला नव्हता.

बाबा त्या दिवशी जेवून उठले ते चुलीपाशी गेले नाहीत; माझ्यापाशी आले. “आज एसटीत गावातले दोघंजन मांगच्या सीटवर होते,” ते म्हणाले. “म्हने, आता त्याहिच्याच आळीतल्या पोरीनं लिहलं, आपुन काही म्हनलं नाई.” मला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. गावात काही घरं अशी होती, की ज्यांना आमच्या आळीतल्या हाताचं काही खायचंच नव्हतं. पण तसं तोंडानं म्हणायची सोय आता राहिली नव्हती. ती सोय मी करून दिली होती, सुंदर अक्षरात.

मी त्या अंधारातच जाऊन फळा पुसून आले. पुसलेला फळा सगळ्यांना पाठ होता.

सकाळी आईनं कोनाडा झाडायला घेतला आणि पावडरच्या डब्यामागून मुंग्यांची एक रांग निघाली. रांगेच्या टोकाला अर्धा लाडू. आईनं तो उचलला, माझ्याकडे पाहिलं, परत लाडवाकडे पाहिलं. मी वेणी घालत होते. हात तसेच वर राहिले.

“हे काय होय?”

“लाडू.”

“लाडू मले दिसून राह्यला. अर्धा काहून?”

मी म्हटलं, वास येत होता. आई म्हणाली, “येत असंन. नाई म्हनलं काय म्या? पन वास कवा येते? तोंडात टाकल्याबरोबर, का चावल्यावर, का गिळून झाल्यावर मांगून?” मला माहीत नव्हतं. “कसा येते? करपल्यावानी, का खवट, का कच्चा?” तेही माहीत नव्हतं. “मंग लिहलं काय तुनं?” मी म्हटलं, मी फळा पुसून टाकला, आता उद्या लिहिते की लाडू फार छान आहेत. त्यावर आई इतकी संतापली, जितकी त्या मुंग्यांवरही झाली नव्हती. “खोटं लिहितं आता? थ्या बाईनं तुले गोड लिह म्हनलं होतं? जे असंन थे लिह म्हनली थे. तुले थेवढंबी झालं नाई.” मग तिनं लाडवावर दोन फुंकरा मारल्या, मुंग्या उडवल्या आणि तो माझ्यापुढे धरला. “खाय.”

मी खाल्ला. हळूहळू, लक्ष देऊन खाल्ला, कारण आई समोर उभी होती आणि प्रश्न विचारत होती. आणि एक गंमत झाली. नाक मुरडून खाताना जो एकच वास होता, तो असा शोधत खाताना सुटा सुटा व्हायला लागला. गूळ चांगला होता. वेलदोडा बरोबर होता. तोंडात टाकल्याबरोबर काहीच नव्हतं. चावल्यावर घशाकडून नाकात काहीतरी चढायचं, ओल्या गवतासारखं, कच्च्या शेंगेसारखं. गिळल्यावर ते बराच वेळ मागे राहायचं. “चावल्यावर,” मी म्हटलं. “कच्च्या शेंगेसारखा.” आईनं मान हलवली. “आता जाय. हेच सांग तिले. चुलीपाशी जाऊन सांग.”

दोन घरं ओलांडायला मला किती वेळ लागला असेल? मी दोन्ही दारांपुढे थांबले, एका कुत्र्याशी बोलले, आणि मग गोदाकाकूच्या घरात शिरले. काकू चुलीपुढे बसून परत आलेली बरणी फडक्यानं पुसत होती. मीना कोपऱ्यात पुस्तक घेऊन, पाठ माझ्याकडे.

“या, पेपरवाल्याबाई,” काकू म्हणाली. “म्हशीले इचारलं का मंग? काय म्हने थे?”

मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. माफी मागायची म्हणून वाटेत दोन वाक्यं जुळवली होती, ती कुत्र्यापाशी राहिली. शेवटी एकच निघालं, “काकू, मी अर्धाच खाल्ला होता.”

ती पुसायची थांबली. “अन् आता?”

“पूरा खाल्ला.”

“मंग?”

मी सांगितलं. चावल्यावर येतो, घशाकडून, कच्च्या शेंगेसारखा, आणि गिळल्यावर राहतो. गूळ चांगला आहे. काकूनं बरणी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग होताच, पण रागाच्या आत काहीतरी वेगळं हललं, जसं सुईत दोरा जाता जाता चुकला की आपण पुन्हा डोळा बारीक करतो तसं. “मलेबी येते थो वास,” ती म्हणाली. “मले वाटे माह्या नाकातच हाय. चार घरं फिरलो, सगळ्या बाया म्हने, मस्त झाले, मस्त झाले. एकीनं सांगतलं नाई.” आणि मग, “तुले आला होता तं पह्यले इथी येऊन काहून नाई सांगतलं, वं? मी काय तुले खाऊन टाकत होतो?”

मी खाली बसले.

दिवाळीला आठ दिवस होते आणि मुकादम त्याआधी केव्हाही येणार होता. पण पुढचे दिवस आठवले की मला आजही आधी आठवतं ते कुतूहल. वास येतो कुठून? मला आणि काकूला त्या प्रश्नानं असं धरलं की आम्ही एकमेकींवर रागावलेल्या आहोत हे मधूनमधून विसरायचो. पहिल्यांदा मी डालड्यावर संशय घेतला. काकू चिडली, पण तिनं डालडा न घालता चिमूटभर पीठ गुळात मळून दिलं. वास होता. मग मी गिरणीवर संशय घेतला. गिरणीवाला आधीच वैतागलेला होता, कारण सोयाबीननं त्याच्या गिरणीचे दगड चिकट झाले होते. जात्यावर घरी दळून पाहिलं. वास होता. मी रोज शाळेतून आले की दप्तर टाकून तिकडे, आई विचारायची, “काय म्हनते वास?” जणू कुणी आजारी आहे. मीना या सगळ्यात कोपऱ्यात पाठ करून अभ्यास करायची आणि आमच्या प्रत्येक फजितीला पान जरा जोरात उलटायची.

तिसऱ्या दिवशी मी काकूला म्हटलं, अगदी पहिल्यापासून करून दाखव. तिनं परातीत सोयाबीन घेतलं, निवडलं, आणि पातेल्यात गार पाणी ओतून त्यात घातलं. “आता रातभर भिजू द्याचं.”

कोपऱ्यातून पान उलटल्याचा आवाज आला. मग मीना म्हणाली, भिंतीकडे पाहूनच, “तिथी असं नाई लिहलं.”

“तू अभ्यास कर.”

“उकळत्या पान्यात टाकाचं लिहलं हाय. मी तुले चार खेपा वाचून दाखोलं, माय.” आणि तिनं विज्ञानाची वही उचलून आमच्यापुढे धरली. शिबिरात वाटलेला छापील कागद तिनं वहीला कव्हर म्हणून चढवला होता. मागच्या बाजूला, थोडं खळीखाली गेलेलं, पण वाचता येत होतं: सोयाबीन आधी न भिजवता थेट खळखळ उकळत्या पाण्यात टाकावे, वीस-पंचवीस मिनिटे उकळावे, मग उन्हात वाळवावे. गार पाण्यात भिजवल्यास उग्र वास येतो. ‘उग्र वास येतो’ हे छापलेलं होतं. मी तीन दिवस या वहीपासून चार हातांवर बसून डालड्याची चौकशी करत होते.

“काकू, तुला हे शिबिरात सांगितलं नव्हतं?”

“सांगतलं होतं ना,” काकू म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला. “पन कडधान्य भिजू न घालता कोनी शिजोते काय, तू सांग? मूग भिजोतो, मटकी भिजोतो, वाटाने भिजोतो. थे बाई शहरातली, लेकरावानी होती. मले वाटलं, हिनं कुठी सैपाक केला असंन? म्हनून मी घरी आल्यावर...” ती थांबली. “मी तिचं सुधरून घेतलं.”

मीनाला हसू फुटलं. तिनं ते दाबायला वही तोंडावर धरली, तर वहीवरचा तो कागदच आमच्यापुढे आला. मग काकूला फुटलं, तिच्या त्या नदीपलीकडे जाणाऱ्या आवाजात. मला हसायचा हक्क नव्हता. मी थोडी उशिरा हसले.

पुढचे तीन दिवस पातेलं, चूल, खाटेवर पसरलेलं सोयाबीन, आणि ढग आले की आम्हा दोघींची पळापळ. टरफलं पाखडताना मीनानं मधलं दप्तर काढलं असं म्हणता येईल; ती म्हणाली, “सूप नीट धर, तुले येत नाई.” दिवाळीच्या दोन दिवस आधी नवे लाडू झाले. काकूनं एक माझ्या हातावर ठेवला आणि समोर बसली. मी शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, हात चाटला. वास गेला होता. अगदी मागे, शोधला तर सापडेल असा एक धागा राहिला होता, पण तो आता शेंगेचा नव्हता, भाजल्या दाण्याचा होता. मात्र वास गेल्यामुळे दुसरं एक दिसायला लागलं. पीठ फार बारीक होतं आणि लाडू टाळूला चिकटत होता. बोटानं काढावा लागत होता.

मी ते तिथंच सांगितलं. मग वहीच्या पानावर फळ्याचा मजकूर लिहून तिला वाचून दाखवला. ‘आधी लिहिलेले मत मी अर्धाच लाडू खाऊन लिहिले होते. उरलेला अर्धा कोनाड्यात लपवला होता. ही चूक माझी. लाडवाला वास होता, तो का येतो ते करणाऱ्या बाईंनी शोधून काढले आणि तो आता गेला आहे. गूळ चांगला, वेलदोडा बरोबर. लाडू टाळूला चिकटतो.’

“थे चिकटाचं काढ,” काकू म्हणाली.

मी पेन्सिल हातात घेतली. माझ्यामुळे बरणी परत आली होती, माझ्यामुळे मीनापुढे पोरं हंबरली होती. एक वाक्य काय, ती म्हणाली असती तर मी त्यात सोन्याचा वर्ख लावून दिला असता. मी खोडायला लागले. ‘टाळूला’ खोडून झालं तेवढ्यात काकूनं माझं मनगट धरलं. “थांब. राहू दे.” ती चुलीकडे पाहत विचार करत होती. “नुसतं गोड गोड लिहिशीन तं लोक म्हनतीन, पोरीले लाडू चारून लिहून घेतलं. अन् थे वरच्या आळीतले तं म्हनतीनच.” मग मान झटकून, “लिह. चिकटते तं चिकटते. पन हेबी लिह का चहासंग खाल्ला तं चिकटत नाई.”

“खाऊन पाहिल्याशिवाय कसं लिहू?”

गोदाकाकूनं माझ्याकडे असं पाहिलं की आता चुलीतला चिमटा अंगावर येणार असं वाटलं. पण तिनं मीनाला हाक मारली, “मीने, चहा ठेव वं. बाईले तपासाचं हाय.”

चहासोबत खरंच चिकटत नव्हता. तेही लिहिलं. फळ्यावर उरलेली चार बोटं जागा पुरली नाही, म्हणून त्या दिवशी सुविचार लिहिला नाही. लोक जमले, वाचलं आणि हसले. पण यावेळी मला हसले. ‘कोनाडा’ हा शब्द वाचताना एक म्हातारा तर खाली बसला. त्या दिवसापासून रिठदमध्ये माझं नाव ‘अर्धा लाडू’ पडलं. माझ्या लग्नात नवऱ्याकडच्या लोकांना माझं नाव सुजाता आहे हे सांगायला आमच्याकडच्या दोघातिघांना डोकं खाजवावं लागलं होतं.

लोकांनी लाडू घेतले ते, मला वाटतं, टाळूला किती चिकटतो ते पाहायला. दुकानदारानं बरणी परत मागवली, आणि टपरीवाल्यानं स्वतः येऊन दुसरी मागितली, कारण चहासोबत खायचा आहे असं फळ्यावरच लिहिलं होतं. काही घरांनी तेव्हाही घेतला नाही, पुढेही घेतला नाही. पण आता त्यांना दाखवायला माझा फळा नव्हता. न घेण्याचं कारण त्यांचं त्यांना सांगावं लागत होतं, आणि ते त्यांना जड जायचं. मुकादम आला तेव्हा मी मुद्दाम अंगणात घुटमळत होते. काकूनं त्याला आत बोलावून बसवलं, पाणी दिलं आणि पुढे बशीत लाडू ठेवला. “मी येत नाई,” ती म्हणाली. “हे येतीन, त्याहिच्या भावासंग. तुमी खा.” तो कुरकुरत खात होता, आणि काकू त्याच्या तोंडाकडे बारीक डोळ्यांनी पाहत होती. “चिकटते का?” तिनं विचारलं.

दोन वर्षांनी ती पुन्हा एकदा ऊसतोडीला गेली. सोयाबीन पाण्यात गेलं होतं त्या साली. पण दहावीचं ते वर्ष मीना घरी राहिली, आणि माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झाली. विज्ञानात तर फारच. कव्हरमुळे, असं मी म्हणत असते.

आता मीनाच तो सगळा व्याप पाहते. खोकी, चिकटपट्ट्या, फोनवरची दुकानदारी. पोहरादेवीच्या यात्रेत तिचा स्टॉल असतो. गेल्या महिन्यात तिनं एक डबा मला पाठवला, नवीन प्रकार, वरून तीळ लावलेला, आणि निरोप, की जे असेल ते लिही, तारे दे. माझी लेक म्हणाली, “आई, पाच देऊन टाक ना, तुझ्या ओळखीच्या आहेत.” मी म्हटलं, थांब, आणि फोन लावला. फोन मीनानं नाही, काकूनं उचलला. ऐंशीच्या घरात आली असेल, पण आवाज तसाच. फोन नसता तरी आला असता.

“काकू,” मी म्हटलं, “तिळाचं चांगलं झालं. पण लाडू अजून टाळूला चिकटतो.”

“चिकटते तं लिह ना तसं,” ती म्हणाली. “पूरा खाल्ला का?”

मी हातातला उरलेला अर्धा तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि मग म्हटलं, “हो.”